वालावलकरांच्या मोटारीची उष्णता

बिघडलेली मोटार दुरुस्त करावी हे शेंबडं पोरही सांगेल. पण बरी चाललेली मोटार सुधारायला जाऊ नये, हे हरिश्चंद्र वालावलकरांना सांगणारा माणूस अख्ख्या मालवणात निघाला नाही. निघाला असता तरी त्यांनी त्याचं ऐकलं नसतं म्हणा. मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून म्हणजे दिवसभर दुसऱ्याला 'हे नियमात बसत नाही' असं सांगणारा गृहस्थ. त्याला संध्याकाळी घरी येऊन कोणाचं काही ऐकून घेणं जमत नाही.

मोटार विलायतेत जन्मलेली होती आणि खरं वय तिनं कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. वर कापडी टप, बाजूला चढायला फळी, दाबला की बदकासारखा ओरडणारा रबरी भोंगा. साऱ्या आळीत खाजगी मोटार ही एकच, त्यामुळे ती कशीही असली तरी सुंदरच होती. तिला खोड म्हणाल तर एक. सुरू करताना समोरून हॅण्डल मारावं लागे, आणि मधूनच ते हॅण्डल उलटं फिरून झटका देई. दुभत्या म्हशीनं भरल्या चरवीला लाथ मारावी, तशातला प्रकार. गेल्या श्रावणात हरिश्चंद्रांचं उजवं मनगट त्या लाथेनं असं काही दुखावलं, की बरेच दिवस त्यांना डाव्या हातानं सह्या कराव्या लागल्या. मामलेदारसाहेबांनी एकदा कागद उन्हात धरून विचारलं, "वालावलकर, ही सही तुमचीच ना?" वीस वर्षं इमानानं नोकरी केलेल्या माणसाच्या हे जिव्हारी लागलं.

तेव्हा सत्तावन्न सालच्या दसऱ्याला त्यांनी निश्चय केला, की मोटारीची ठिणगी सुधारायची. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, ती आजवर एक जुनाट यंत्र पाडत असे. ते काढून टाकायचं आणि मुंबईहून नवी बॅटरी, नवी कॉईल आणि चारी सिलिंडरना ठिणगी वाटणारी नवी डबी आणून बसवायची. सामान एस.टी.च्या टपावरून आलं. बसवायला माणूस मालवणात नव्हता, आणि असता तरी हरिश्चंद्रांनी त्याला हात लावू दिला नसता. मोटारीविषयी ते एरवीसुद्धा कचेरीतलं शुद्ध मराठी बोलत. फणसाखाली चटई टाकून, धोतराचा काचा मारून त्यांनी 'सुधारणेचे कार्य हाती घेतले' आणि आळी बघायला जमली.

आता ही डबी हातानं थोडी फिरवता येते. एका अंगाला फिरवली की ठिणगी लवकर पडते, दुसऱ्या अंगाला फिरवली की उशिरा. लवकर पडली तर हॅण्डल लाथ मारण्याची भीती. हरिश्चंद्रांनी एकवार मनगटाकडे पाहिलं आणि डबी उशिराच्या अंगाला फिरवली. तरी मन मानेना, म्हणून आणखी जराशी फिरवली आणि पान्ह्यानं गच्च आवळून टाकली. ठिणगीची वेळ मागेपुढे करायला पूर्वी सुकाणूच्या चाकावर एक दांडी होती. तिला आता काम उरलं नाही, तेव्हा राधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तिला भाजीची पिशवी अडकवायला सुरुवात केली.

आणि काय सांगावं! हॅण्डल असं लोण्यासारखं फिरलं की बघणारे बघत राहिले. हरिश्चंद्रांनी मुद्दाम राधाबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी पदर खोचून एका हातानं हॅण्डल मारलं आणि मोटार सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी वालावलकर जेवले ते मान ताठ ठेवून, आणि आमटी दोनदा मागून घेतली.

पण ही ऐट टिकली भाऊबीजेपर्यंत. भाऊबीजेला राधाबाईंचे थोरले भाऊ, भाई सामंत, करंजवाडीहून आले. करंजवाडी वर घाटीत. तिथे त्यांची लाकडाची वखार, दाराशी स्वतःचा ट्रक. माणूस वाईट नव्हे, पण मोठ्यानं हसणारा. हरिश्चंद्रांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि बंदरापर्यंत फेरी मारायला नेलं. मासळीबाजारापाशी बॉनेटखालून सू-सू आवाज यायला लागला. पुढे चार ढांगांवर रेडिएटरचं झाकण उडालं आणि वाफेचा असा लोट निघाला की समोरचा समुद्र दिसेना. कोळणी टोपल्या टाकून लांब पळाल्या. त्यातली एक म्हणाली, "भाऊसायबांनू, तांदूळ घाला त्यात, पेज तरी होतली!"

घरी परत आले ते मोटार ढकलत. भाईंनी अंगणातच हसायला सुरुवात केली.

"भावोजी, ही मोटार न्हय, न्हाणयेतलो बंब आसा! राधे, ह्या खेपेक जत्रेक तू आपली यस्टीन ये गो. नायतर घाटयेत बसतलास दोघांय चाय करीत."

हरिश्चंद्र चष्मा पुसू लागले. अव्वल कारकुनाला सभ्यपणे उत्तर द्यायला वेळ लागतो. पण राधाबाई ओवाळणीचं तबक खाली ठेवून म्हणाल्या, "भाई, मी येतलंय ती ह्याच गाडयेत बसान येतलंय. मधी खंय उतरूचंय नाय. आणि तशी येवक गावला नाय, तर ह्या वर्सा देवीची ओटी तुझ्या बायलेक भरूक सांग."

लग्न झाल्यापासून राधाबाईंनी माहेरच्या देवीची ओटी एका वर्षीही चुकवली नव्हती. पोटुशी असताना बैलगाडीत गाद्या घालून गेल्या होत्या, तापात घोंगडी पांघरून गेल्या होत्या. आणि राधाबाई बोलल्या शब्दाला मागे सरत नाहीत, हे मालवणात सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला तर अनुभवानं ठाऊक होतं. आपल्यासाठी बायकोनं देवी पणाला लावली, ह्याचा हरिश्चंद्रांना मनातून फार अभिमान वाटला. त्याच्या पाठोपाठ त्यांनी मनातल्या मनात जत्रेपर्यंतचे दिवस मोजले.

करंजवाडीच्या देवीची जत्रा मार्गशीर्षात. मधल्या दिवसांत साऱ्या आळीनं ती मोटार स्वतःची मानली.

पहिल्या आल्या शेजारच्या तुळसाकाकी. त्यांनी बॉनेटवर पालथा हात ठेवून पाहिला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "उष्णता ही. दुसरा काय नाय. त्वांड इलाहा काय तिका?"

"काकी, ती मोटार आहे," हरिश्चंद्र म्हणाले.

"माका दिसता ता. सोलांचा पाणी द्या तिका. आमच्या ह्यांची तेरा वर्सांची उष्णता सोलांच्या पाण्यान गेली."

हरिश्चंद्र हसले खरे, पण आंघोळीच्या वेळी त्यांच्या मनात एक विचार आला. घराची विहीर मचूळ. तिचं पाणी घालून घालून रेडिएटरच्या आत खार धरला असणार. रेडिएटर पितळेचा. आणि पितळेची भांडी घरोघरी कशानं लखलखीत होतात? कोकमाच्या सोलांनी! म्हणजे काकींचं औषध, कारण चुकीचं असलं तरी, शास्त्रात अगदी चपखल बसत होतं. राधाबाईंनी वर्षभराच्या कढीची सोलं हंडाभर पाण्यात उकळून दिली. तो लाल काढा मोटारीला पाजला, इंजिन चालू ठेवलं, आणि खालची तोटी सोडली तेव्हा जे काळं-तांबडं पाणी बाहेर आलं ते बघून हरिश्चंद्रांना धन्य वाटलं.

रेडिएटर आतून आरशासारखा स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की आजवर ज्या खारानं त्याची बारीक भोकं बुजवून ठेवली होती तो खारही धुऊन निघाला. ताजं पाणी ओतल्याबरोबर रेडिएटरला जागोजागी धारा लागल्या. राधाबाई म्हणाल्या, "तुळशीक पाणी घालूक झारी बरी झाली." मग त्यांनी खरंच एक कळशी त्यात ओतून अळवाच्या वाफ्यापर्यंत मोटार ढकलायला लावली. पाणी फुकट घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ही वार्ता भिकाजी तांडेलाच्या कानी गेली. भिकाजीनं उभा जन्म गलबतं हाकली होती, आता म्हातारपणी ओटीवर बसून बंदर हाकत असे. तो आला, धारांकडे बघून तुच्छतेनं हसला.

"भाऊसायब, पाणी भायरसून आत येवचा नाय म्हणान आमचो जल्म गेलो. आतला भायर जावचा नाय, ह्येका कितीसो येळ? आणा कापूस, आणा राळ, आणा त्याल."

गलबताच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासतात आणि वर राळ-तेलाचा लेप देतात, तसा त्यानं रेडिएटरच्या भोकाभोकाला दिला. काम सुबक झालं. एक थेंब गळेना. आता समुद्रात गलबताला बाहेरून गार पाणी असतं, आणि मोटारीत आतून उकळतं असतं, एवढा किरकोळ फरक दोघांच्याही लक्षात आला नाही. बाजारपेठेत शिरेपर्यंत राळ वितळून तापल्या इंजिनावर पडली आणि धुपाचा असा घमघमाट सुटला, की दोन म्हाताऱ्यांनी पालखी येते समजून दुकानाच्या पायरीवर हात जोडले. एकीनं तर मोटारीपुढे पैसाही ठेवला. हरिश्चंद्रांनी तो नम्रपणे परत केला. सरकारी नोकराला असं काही घेता येत नाही.

शेवटी कल्हईवाल्याकडून भोकांना डाग देऊन घेतले आणि गळती थांबली. मोटार मात्र तापायची ती तापतच होती. आता संशय फक्त मचूळ पाण्यावर उरला. कचेरीच्या आवारात सरकारी विहीर होती, पाणी नारळाच्या पाण्यासारखं गोड. एखाद्यानं सरळ दोन घागरी शेंदल्या असत्या. हरिश्चंद्रांनी रीतसर अर्ज केला. तो दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलावर आला. चष्मा लावून त्यांनी तो वाचला आणि पाहिलं, तर पाणी माणसासाठी की जनावरासाठी ह्याचा खुलासाच नव्हता! त्यांनी शेरा मारून अर्ज स्वतःकडे परत पाठवला. घरी जाऊन त्यांनी 'जनावर' असं लिहिलं. कचेरीत येऊन पाहिलं, तर जनावराचा रंग व शिंगांची खूण नमूद नव्हती. मामलेदारसाहेब शेवटी वैतागून म्हणाले, "अहो वालावलकर, घेऊन जा ना दोन घागरी!" तेव्हा ते ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, माझ्या घरचं काम आहे म्हणूनच नियम जास्त पाळायला हवा." त्या दिवशी घरी जाताना त्यांची छाती दोन बोटं फुगलेली होती. पाणी काही मिळालं नाही.

जत्रा आठवड्यावर आली. राधाबाईंनी ओटीसाठी खण आणला, नारळ निवडून ठेवला आणि मोटारीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्या चिडून काही बोलल्या असत्या तर हरिश्चंद्रांना बरं वाटलं असतं. एकदा ते स्वतःच म्हणाले, "एस.टी.नं गेलीस तरी भाईसमोर मी काही..." राधाबाई खण घडी करत म्हणाल्या, "तुमी काय ता बघा. मी सांगलंय ता सांगलंय." हरिश्चंद्रांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा भिकाजीनं शेवटचा उपाय काढला. "आता देवाक गाराणा घालूया."

आपल्याकडे हे लागतंच. होडी दर्यात लोटायची असो की पोराची परीक्षा असो, देवापुढे गाऱ्हाणं पडलं पाहिजे. एकानं खड्या आवाजात मागणं मागायचं आणि दर वाक्याच्या शेवटी बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला पुढे रेटायचं. रविवारी फणसाखाली आळी जमली. बॉनेटवर नारळ ठेवला. हरिश्चंद्र हात जोडून उभे राहिले. भिकाजीनं डोक्याचं फडकं सारखं केलं आणि आवाज लावला.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान, म्हाराजा, एक विलायती मोटार पाळलेली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पोटात कसलो ताप भरलोहा, तो..."

"...व्हय म्हाराजा," एकटाच एक आवाज मागून आला. तो शिवाचा. शिवा हा भिकाजीच्या गलबतावरचा जुना खलाशी, कानानं ठार बहिरा. लोकांची तोंडं हललेली बघून तो म्हणायचा, म्हणजे सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. भिकाजीचं पुढचं वाक्य अर्ध्यावर येई आणि शिवाचा 'व्हय म्हाराजा' त्यावर आदळे. भिकाजी अडखळे, पुन्हा मागून सुरुवात करी. कपाळाची शीर फुगली, मान लाल झाली, घामाच्या धारा लागल्या. गाऱ्हाणं काही पुढे सरकेना. शेवटी तो देवाला तसाच ठेवून मागे वळला.

"शिवा, रे मेल्या! म्हणतलंस तर येळेर म्हण, नायतर गप रव! मी फुडे जातंय आणि तुझो व्हय म्हाराजा माझ्या पाठीत बसता! अशान गाराणा फुडे जाता खंय? सगळो जोर उलटो माझ्याच टकलेत चढता, बघ कसो तापलंय तो!"

हरिश्चंद्रांचे जोडलेले हात सुटले.

इंजिनातला पिस्टन वर येतो. येऊन आपलं म्हणणं मांडतो. नेमक्या त्या वेळी ठिणगीनं 'व्हय म्हाराजा' म्हटलं, तर सगळा जोर लागून तो पुढे जाणार. तो परत फिरल्यावर म्हटलं, तर जोर जाणार कुठे? वरच्या वर तापत राहणार! सोलं नव्हेत, राळ नव्हे, मचूळ पाणी नव्हे. दसऱ्यापासून ठिणगी उशिरा पडत होती, आणि ती डबी उशिराच्या अंगाला कोणी फिरवली होती?

"शिवा!" ते ओरडले. कचेरीतलं मराठी कुठल्या कुठे गेलं. "अरे, शिवा आसा! मोटारीत शिवा बसलोहा!"

शिवानं आपलं नाव मात्र ओठांवरून ओळखलं. "मी हंय आसंय मा," तो घाबरून म्हणाला.

हरिश्चंद्रांनी नारळ उतरवून तुळसाकाकींच्या हातात दिला, बॉनेट उघडलं, पान्ह्यानं डबी सैल केली आणि लवकरच्या अंगाला फिरवली. मग ते हॅण्डलसमोर येऊन उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मनगट आपोआप मागे जात होतं. राधाबाई ओटीवरून उतरून जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मी मारू?"

"नको," हरिश्चंद्र म्हणाले. "मी घाबरलंय म्हणान ही तापली. आता मीच मारतंय."

इतकं सरळ ते बायकोशी लग्न झाल्यापासून बोलले नव्हते. लाथ बसली तर हात सुटावा म्हणून त्यांनी अंगठा हॅण्डलच्या वरच्या बाजूला बोटांबरोबर घेतला आणि मारलं. हॅण्डलनं जी लाथ घातली ती थेट खांद्यापर्यंत पोचली. हरिश्चंद्रांच्या तोंडून देवासमोर न शोभणारा एक शब्द गेला. त्यांनी डबी केसभर मागे घेतली, हात झटकला आणि पुन्हा मारलं. आणि मोटार बोलली! इतके दिवस कण्हत होती ती खणखणीत, ठसक्यात बोलायला लागली. ते ती घेऊन तसेच ओझरच्या चढापर्यंत गेले आणि परत आले. झाकण जागच्या जागी होतं. अंगणात येतात तो भिकाजी सगळ्यांना अडवून उभा. अर्धं गाऱ्हाणं टाकून जायचं नाही म्हणाला. मग शिवाला त्यानं आपल्या शेजारीच बसवलं, आणि दर वाक्याला त्याच्या बरगडीत कोपर मारून ते पुरं केलं.

जत्रेच्या दिवशी हरिश्चंद्रांनी काळा कोट घातला. मनगट सुजून हळदीच्या लेपानं पिवळं झालं होतं, तरी हॅण्डल त्यांनीच मारलं. कसाल मागे पडलं, करंजवाडीची घाटी लागली. तांबडा रस्ता, वळणावर वळण, बाजूनं जत्रेला चालत निघालेली माणसं. हरिश्चंद्रांची नजर रेडिएटरच्या झाकणावरून हलेना. राधाबाई मात्र मांडीवर ओटीचं तबक धरून समोर रस्त्याकडे बघत होत्या. बॉनेटकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि हरिश्चंद्रांना त्याचा फार आधार वाटला.

शेवटच्या वळणावर गर्दी उभी होती. मधोमध भाई सामंत, हातात भरलेली कळशी. "थांबा, भावोजी, थांबा! पाणी हाडलंय!" ते हसत हसत ओरडले.

"भाई आसा," हरिश्चंद्र म्हणाले.

"म्हणानच थांबा नको," राधाबाई म्हणाल्या.

मोटार भोंगा वाजवत गर्दीतून वर गेली, घाटमाथा ओलांडून थेट देवळाच्या पटांगणात, दीपमाळेपाशी जाऊन उभी राहिली. अख्खी करंजवाडी भोवती गोळा झाली. कळशी सांभाळत, धापा टाकत भाई मागून धावत आले. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मोटारीखाली वाकून पाहिलं. थेंब नाही, वाफ नाही.

राधाबाई तबक सावरून फळीवरून खाली उतरल्या. पदर नीट केला, चपला बाजूला काढल्या आणि भावापुढे पाय केले.

"मोटारीक नको. पण इतक्या लांबसून मायेन हाडलंस, तर घाल माझ्या पायांर. देवळात जावचा आसा."

भाईंनी हातातल्या कळशीकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर आधी ओशाळं, नंतर खरंखुरं हसू आलं, आणि ते खाली वाकून धाकट्या बहिणीच्या पायांवर पाणी घालू लागले. "बरी इलंस गो, राधे," ते म्हणाले.

राधाबाई ओल्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढल्या. हरिश्चंद्र छाती पुढे काढून, हाताची घडी घालून, बॉनेटला टेकून उभे होते. घाटी चढून आलेलं बॉनेट पाठीला सणसणीत चटका देत होतं. पण भाई बघत होते, गाव बघत होता, म्हणून राधाबाई ओटी भरून बाहेर येईपर्यंत ते तिथून तसूभरही हलले नाहीत.